कूलर बंद झाला की

"मेरी इज्जत का कचरा कर दिया आपकी बँक ने!" गुलाबचंदजी मॅनेजरच्या टेबलावर हात आपटत होते. इतवारीतले सुताचे व्यापारी. त्यांनी लिमिट वाढवून मागितलं होतं. लिमिट म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही बँक जेवढी रक्कम उचलू देते ती मर्यादा. मुंबईच्या हेड ऑफिसनं सकाळी नकार कळवला आणि दुपारच्या आत बाजारभर झालं. गिरण्यांच्या एजंटांनी त्यांना उधारीवर माल देणं थांबवलं. त्या शाखेतून अशा बातम्या याआधीही फुटल्या होत्या.

मी तेव्हा बँकेच्या व्हिजिलन्स खात्यात होतो. म्हणजे घरचाच पोलीस. जिथे जाईन तिथे लोक चहा पाजायचे आणि हा बाबा कधी टळतो याची वाट पाहायचे.

मॅनेजर हरकरे साहेब माणूस सरळ, पण डोकं गरम. शेठजी गेल्याबरोबर त्यांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "तुमची सही द्या. ऑपरेटरला आजच सस्पेंड करतो."

ऑपरेटर म्हणजे सुमनबाई. टेलिफोन बोर्डावर बसायच्या. बाहेरून आलेला कॉल त्या साहेबांना जोडून द्यायच्या, आणि मनात आणलं तर हेडफोनमधून सगळं ऐकूही शकायच्या. आज कॉम्प्युटरवाले ज्याला डेटा सिक्युरिटी म्हणतात, ती आमच्याकडे एका बाईच्या कानांवर सोडलेली होती! जेवणाच्या सुट्टीत त्या बहिणीला फोन लावायच्या म्हणून साहेबांनी डायलला कुलूपही घातलं होतं. तरी बातम्या फुटतच होत्या.

"पुरावा काय?" मी विचारलं.

"अहो, पुरावा कशाला? मी बोललो, तिनं जोडून दिला. मधे तिसरं आहे कोण?"

मी सुमनबाईंना बोलावलं. रडतील असं वाटलं होतं, तर त्या भडकलेल्या.

"मी काहून सांगीन साहेब? माझं प्रोबेशन संपून राहिलं. नोकरी पक्की व्हायच्या टायमाले मी असे धंदे करीन? घरवाल्याचं खापरखेड्याचं काम सुटलं. आता घर माझ्यावरच आहे."

बाई खरं बोलत होत्या, माझी खात्री होती. पण रिपोर्टात खात्री लिहिता येत नाही. हरकरेंकडून मी कशीबशी एका दिवसाची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुंबईला ट्रंक कॉल बुक केलेला होता. तेव्हा परगावी बोलायचं तर एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि वाट पाहत बसायचं. मे महिना. केबिनच्या खिडकीतला कूलर असा घरघरत होता की डोकं उठलं. मी वैतागून मागच्या गल्लीत चहाला गेलो.

टपरीचं बाकडं नेमकं त्या खिडकीखाली. कूलरचा अख्खा डबा गल्लीत निघालेला. बाकड्यावर बाजारातले दलाल चहा पीत गप्पा ठोकत होते. तेवढ्यात कूलर थांबला.

"चूप बसा गा," एक दलाल म्हणाला. "कूलर बंद झाला. साहेबाले ट्रंक लागला."

सगळे चिडीचूप. आणि कूलरच्या वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून हरकरे साहेब गरजले, "हॅलो! बॉम्बे! हो, ते ऑइल मिलवाल्यांचं प्रपोजल! काय? ना-मं-जूर? नामंजूर ना?"

दलालानं कप खाली ठेवला, सायकल काढली आणि बाजाराकडे निघाला.

अरे देवा! कूलर चालू असला की मुंबईचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून साहेब तो बंद करायचे. लाइन कमजोर, म्हणून ओरडायचे. माझा जीव भांड्यात पडला. रात्रभर त्या बाईची काळजी डोक्यात होती, ती एका झटक्यात उतरली.

आत जाऊन सांगितलं, तर हरकरे खवळले. "काहीतरीच काय! मी तर हळूच बोलतो!" हे त्यांनी इतक्या जोरात म्हटलं की कॅशियरनं मान वर केली.

"मग तुम्ही जाऊन बाकड्यावर बसा. मी बोलतो."

ते गेले. मी कूलर बंद केला, गावातच, सदरमधल्या आमच्या विभागीय कार्यालयाला फोन लावला आणि त्यांच्याच पट्टीत सुरू झालो. "हॅलो! ऑपरेटर सुमनबाई निर्दोष आहेत! हो, नि-र्दोष! बातमी मॅनेजर साहेबांच्या कूलरमधून जाते! बाईंना कन्फर्म करा!"

"अहो, ओरडता काहून?" पलीकडचे साहेब म्हणाले. "मी सदरात आहे, लंडनात नाही."

हरकरे लालेलाल होऊन परतले. खुर्चीत बसले आणि हसायलाच लागले. "त्या लोकांनी सरकून मला जागा दिली हो! वरून विचारतात, साहेब, आज तुमच्या जागी कोण बोलून राहिलं?"

सस्पेन्शनचा कागद त्यांनी स्वतः फाडला आणि बोर्डापाशी जाऊन सगळ्यांसमोर बाईंची माफी मागितली. गुलाबचंदजींच्या दुकानीही जाऊन आले. शेठजी बरेच दिवस धड बोलले नाहीत, पण खातं त्यांनी हलवलं नाही. पुढे फोनवर पार्टीचं नाव घ्यायचं नाही, फक्त ठरलेला नंबर सांगायचा, असा नियम झाला.

सुमनबाईंच्या कन्फर्मेशनचं पत्र यायचं होतं, त्याआधीच दलाल त्यांच्याकडे पेढे मागून गेले.

त्यानंतर कुठेही बातमी फुटली की मी चौकशी बोर्डापासून नाही, मॅनेजरच्या खुर्चीपासून सुरू करायचो. वेळ फार वाचतो.