सव्वीस नोव्हेंबरची तिसरी ओळ

निर्मळच्या वाचनालयात मला काम मिळालं तेव्हा पुस्तकांपेक्षा जास्त आनंद झाला तो दाराबाहेरच्या फळ्याचा. लाकडी स्टँडवर उभा केलेला काळा फळा, वर पांढऱ्या रंगात कायमचं लिहिलेलं ‘आजचा दिनविशेष’ आणि खाली जागा बरोब्बर तीन ओळींची. त्या तारखेला इतिहासात काय काय घडलं ते शोधायचं, त्यातलं तीनच निवडायचं आणि सकाळी आठच्या आत खडूनं लिहून मोकळं व्हायचं. विरारच्या आमच्या फ्लॅटमधून स्कूटरवर निघाले की वाटेतच माझ्या डोक्यात भांडणं सुरू व्हायची. सेनापती ठेवू की शास्त्रज्ञ? तह घेऊ की लढाई? एखाद्या तारखेला असे दिग्गज एकत्र जमायचे की एकाला गाळताना मला खरोखर वाईट वाटायचं. आणि एखाद्या तारखेला शोधून शोधून हाती लागायचं ते कुठल्याशा परदेशातल्या पुलाचं उद्घाटन. तेही मी मन लावून लिहायचे.

वाचनालयाचे अध्यक्ष गावातलेच, केळीची वाडी सांभाळणारे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचा एकच नियम होता: पुराव्याशिवाय फळ्यावर काही लिहायचं नाही. हा नियम माझ्यामुळेच झाला होता. सुरुवातीच्या दिवसांत मोबाईलवर आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवून मी एका चांगल्या धडधाकट माणसाची पुण्यतिथी लिहून टाकली होती. दुपारपर्यंत अर्धं गाव हसून गेलं.

फळ्याची सगळ्यांत नेमाची वाचक होती एक फुलवाली मावशी. सत्तरी ओलांडलेली, पण ताठ. सायकलच्या कॅरिअरला झेंडूची आणि सोनचाफ्याची टोपली बांधून, सायकल हातात धरून ती नाक्यावर निघायची आणि फळ्यापाशी थांबायची. तिन्ही ओळी वरपासून मोठ्यानं वाचायची, मग मला विचारायची, “हा कोन होता गं बाय?” मी भरभरून सांगायचे. माझं ऐकून घेणारं घरी कुणी नव्हतं, त्यामुळे तिला उशीर होतोय हेही माझ्या लक्षात यायचं नाही.

एक दिवस वाचून झाल्यावर ती गेलीच नाही.

“सगल्या जगाचं लिवतेस,” ती म्हणाली. “ही जागा माझ्या बानं दिली. बैलगाडीची पडवी होती आमची. ते कदी लिवनार?”

मी चाट पडले. वाचनालयाचा वर्धापनदिन दर जानेवारीत व्हायचा. फीत कापणाऱ्या पाहुण्यांचा फोटो आत भिंतीवर होता. पडवीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

“तारीख सांगा, मी लिहिते,” मी म्हटलं.

“तारीख कसली? आपल्या गावच्या यात्रेचा पयला दिवस.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “भावाच्या पोरांनी वाडी विकली. त्यांना ठाव पन नाय. मी गेले की सांगनारा कोन हाय?”

ती सायकल घेऊन निघून गेली आणि मला दिवसभर काही सुचेना. सगळ्या जगाची जयंती-मयंती करणारी मी, ज्या जमिनीवर खुर्ची टाकून बसत होते ती कुणाची हे मला माहीत नव्हतं! सरांना विचारलं. ते म्हणाले, “ऐकलंय मीही. पण पुरावा आणा.”

मग काय, मी कपाटातल्या जुन्या सभावृत्तांच्या वह्या उपसल्या. फीत कापल्याच्या तारखेपासून मागे मागे गेले. चार वेळा पानं पालथी घातली, हाती काही लागलं नाही. चूक माझीच होती. मी शोधत होते तारीख, महिना आणि साल. पहिल्या वहीची सुरुवातीची पानं मी दर वेळी भरभर उलटत होते, कारण तिथे तारखाच नव्हत्या. होत्या तिथी! मला वाटलं, पूजेबिजेचं काहीतरी असेल. पाचव्यांदा मात्र नजर अडकली: कार्तिक वद्य एकादशी, यात्रेचा पहिला दिवस. घराशेजारील बैलगाडीची पडवी वाचनालयास कायमची दिली. खाली मावशीच्या वडिलांचं नाव आणि शाईत उमटलेला अंगठा.

“सापडलं!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पेपर वाचणाऱ्या सगळ्यांनी माना वर केल्या. सरांनी चष्मा लावून पान वाचलं, अंगठा निरखला आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. यंदा ती एकादशी येत होती सव्वीस नोव्हेंबरला.

“भरलेला दिवस आहे,” सर म्हणाले.

मलाही ते ठाऊक होतं. सव्वीस नोव्हेंबर म्हणजे संविधान दिन. मुंबईवरच्या हल्ल्यात गेलेल्यांचं स्मरण. आणि राष्ट्रीय दूध दिन, जो सर दर वर्षी आठवणीनं लिहायला लावायचे. त्यांच्या गोठ्यात तीन म्हशी होत्या.

“संविधान हलणार नाही,” सर म्हणाले. “शहीद हलणार नाहीत.”

“आणि दूध?”

सरांनी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं. “तिथी पुढच्या वर्षी सरकेल,” ते म्हणाले. “दूध तोवर थांबेल.” मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

त्या सकाळी मी सातलाच पोचले. इतकं सुबक अक्षर मी आयुष्यात काढलं नव्हतं. मग दारात उभी राहून वाट बघू लागले. आठ वाजले, साडेआठ, नऊ. मावशीचा पत्ता नाही. मी रस्त्यापर्यंत दहा चकरा मारल्या.

“अहो मॅडम,” सर आतून म्हणाले, “आज यात्रा. फुलवाली आज इथे कशाला येईल? पहाटेपासून देवळाच्या वाटेवर दुकान मांडून बसली असेल.”

मी कपाळावर हात मारला. पंधरा दिवस तिथी तिथी करत नाचले आणि त्या तिथीला यात्रा असते, फुलांना वर्षातली सगळ्यांत मोठी मागणी असते, हे माझ्या विरारी डोक्यात शिरलंच नव्हतं. मावशी दिवसभर जागची उठणार नव्हती. दुसऱ्या दिवशी फळा पुसला जाणार होता.

“सर, फळा उचला.”

“फळा जागचा हलत नाही.”

“आज हलेल,” मी म्हटलं आणि स्कूटर सुरू केली. सर पुटपुटत मागे बसले, फळा दोन्ही हातांनी धरून. वाटेत गर्दीतून माणसं मान वाकडी करून दिनविशेष वाचत होती. एकानं तर आम्हाला कशाचा मोर्चा आहे म्हणून विचारलं. यात्रेतल्या पाळण्यांपाशी स्कूटर लावून पुढे चालत गेलो. झेंडूच्या ढिगामागे मावशी सापडली.

सरांनी फळा तिच्यासमोर धरला. तिनं हात पदराला पुसले आणि नेहमीसारखी वरून सुरुवात केली. संविधानाची ओळ वाचली. शहिदांची वाचली. तिसऱ्या ओळीवर अडखळली. वडिलांचं नाव तिनं दोनदा वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

“बराबर हाय,” ती म्हणाली. “पन पडवी आयनं खाली केली. बैल घरात घेतले, चुलीच्या बाजूला. शेनाच्या वासात रांधलं तिनं किती वरसं. बा नुसता अंगठा देऊन मोकला.”

आजूबाजूच्या फुलवाल्या हसल्या. मी पर्समधून खडू काढला. “आईचं नाव सांगा.”

तिनं तोंड उघडलं, पण नाव आठवेना. “आमी आय म्हनायचो,” ती म्हणाली. “बा अगं म्हनायचा. गाव म्हनायचं गाडीवाल्याची बायको.” गिऱ्हाईक हार मागत होतं, तिचं लक्ष नव्हतं. मग तिच्या ओठातून काहीतरी निघालं, पण पाळण्यांच्या भोंग्यापुढे मला ऐकू आलं नाही.

“मावशी, मोठ्यानं!”

ती उठून उभी राहिली. ज्या आवाजात ती नाक्यावर फुलं विकायची, त्याच आवाजात, भर यात्रेत, तिनं आईचं नाव ओरडून सांगितलं. वाटेवरची माणसं थबकून बघू लागली. फळा धरलेले सर मला म्हणाले, “बघता काय, लिहा.”