सासूबाईंनी घेतलेलं नाव
अठ्ठेचाळीस साल, दिवाळीनंतरचा सोमवार. चावडीत हजर: तहसिलातून आलेला महसुलाचा अंमलदार गिरदावर, पाटील, घरटी एक माणूस, आमच्या घरातून विधवा सासूबाई आणि सोबतीला मी, नवी सून. विहिरीच्या कामासाठी पंच निवडायचा होता. पाटील निवडून आला तर विहीर त्याच्या मळ्याला लागून; आमच्या गल्लीतला मेंढपाळ आला तर आमच्या दारापाशी. प्रत्येकानं आपल्या पंचाचं नाव मोठ्यानं सांगायचं आणि मत दिल्याची खूण म्हणून गुळाचा खडा घ्यायचा. मतं सारखी पडली आणि एकट्या सासूबाई उरल्या. मेंढपाळाचं आणि वारलेल्या मामंजींचं नाव नेमकं एकच होतं. "मावशी, काहून थांबल्या?" गिरदावरानं विचारलं. "मालकाचं नाव हाय साहेब, कसं घेऊ?" "मग सुनेला सांगू द्या." मी मान खाली घातली, सासऱ्याचं नाव मला तरी कुठं चालत होतं! "नाव न्हाई, तर मत न्हाई," पाटील हसला. सासूबाईंनी पदर सावरला, चावडीसमोरच्या मारुतीकडे पाहून हात जोडले आणि जन्मात न उच्चारलेलं नाव खणखणीत घेतलं. एका मतानं विहीर आमच्या दारापाशी आली. गुळाचा अर्धा खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.  त्याला आता वर्ष झालं; उद्या मतदार यादीवाला येणार आहे. घरातली सगळी नावं मी कागदावर लिहून ठेवली आहेत. तो विचारील तेव्हा ह्यांचं नाव तोंडानं सांगायचं, तेवढं अजून जमलेलं नाही.