अंतराळातल्या पोरीसाठी अनवाणी

पार्बताबाई राहायला बडनेऱ्यात आणि स्वयंपाकाला अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहात. पोळ्या आटोपल्या की त्या मुलींच्या वेण्या घालून देत आणि परीक्षा जवळ आली की त्यांच्यासाठी नवस बोलत. नवस मुलींचा, पथ्य पार्बताबाईंचं. एकीच्या बारावीसाठी त्यांनी चहा सोडला होता. ती नापास झाली, तेव्हा त्यांनी देवीशी वाद घातला नाही; त्या मुलीलाच चहा करून पाजला.

उन्हाळ्यात टीव्हीवर चौघं अंतराळस्थानकाकडे निघालेले दिसले. त्यांत एक मुलगी होती. कुठल्या देशाची, हे पार्बताबाईंनी विचारलं नाही. वर पोचल्यावर ती हसून हात हलवू लागली आणि तिचे मोकळे केस डोक्याभोवती सरळ उभे राहिले.

"पाहा वं माय! इच्या केसाले हात लावाले वर कोनी नाई," पार्बताबाई म्हणाल्या. आणि तिथल्या तिथे त्यांनी कौंडण्यपूरच्या रुक्मिणीला शब्द दिला : या पोरीचा पाय जमिनीले लागत नाही, तोवर मी पायात चप्पल घालत नाही.

नवरा देवमन रेल्वेचा निवृत्त गँगमन. बायकोला साखरेचा आजार. पायाला जखम झाली तर बोट कापावं लागेल, असा दम डॉक्टरांनी दिलेला.

"ते पोरगी तुही कोन लागते?" त्याने विचारलं.

"कोनी नाई. म्हनून तं."

कोणी नाही म्हणूनच नवस, हे देवमनला कळलं नाही. ते स्थानक स्वतःच पृथ्वीभोवती फिरत असतं, हेही त्याला कळलं नव्हतं. त्याने जन्मभर स्थानक जागेवर आणि गाडी हलती पाहिली होती.

हवा बिघडली म्हणून त्या चौघांचं परतणं लांबलं. तेवढ्यात पार्बताबाईंच्या अंगठ्यात गिट्टीचा टोकदार खडा घुसला. अंगठा काळसर पडू लागला आणि देवमनची झोप उडाली. शेवटी एका दुपारी टीव्हीवर त्या चौघांची कुपी छत्र्यांना लटकत उतरली. समुद्रात. मुलीला बाहेर काढलं, स्ट्रेचरवर घातलं आणि उचलून नेलं.

"आली! घाल आता चप्पल," देवमन म्हणाला.

"पाय कुठी लागला?"

"समुद्राच्या खाली जमीनच रायते ना वं!"

"मंग तं विहिरीत पडलेला मानूसई जमिनीवरच म्हना."

त्यानंतर टीव्हीने तो विषयच सोडला. ती पोरगी चालली का, हे विचारायला देवमन वसतिगृहात जाऊन आकांक्षा नावाच्या मुलीला भेटला. तिने मोबाइलवर शोधून सांगितलं, "काका, वरून आलेल्यांना लगेच धड चालता येत नाही. काही दिवस पुन्हा चालायची सवय करून देतात. पण ही चालतानाचा व्हिडिओ काही सापडून नाही राहिला."

पाय असलेला माणूस चालणं कसा विसरतो, हा नवा गोंधळ घेऊन देवमन घरी आला. पार्बताबाई अनवाणीच अंगण झाडत होत्या. त्याने झाडू हिसकावला.

"नवस चपलीचा हाये, चालाचा नाई. ते चालून नाई राहिली, तं तूई चालू नको. बस बाजेवर."

पार्बताबाईंनी यात खोट शोधली. सापडली नाही. त्या बाजेवर बसल्या आणि देवमन कणीक मळायला लागला. पाणी किती घालायचं ते ठाऊक नव्हतं. आधी कणकेची कढी झाली, मग पीठ घालत घालत चार घरांना पुरेल एवढा गोळा. दवाखान्यात त्याने तिला सायकलवरून नेलं. बाजेवरून कॅरिअरवर, कॅरिअरवरून खुर्चीवर. शेजारी हसले. आपण बायकोचा नवस मोडून राहिलो की फेडून राहिलो, हे त्याला अखेरपर्यंत ठरवता आलं नाही.

अंगठा वाचला. पट्टी सोडून नर्स म्हणाली, "आता चप्पल घालूनच चाला."

पार्बताबाईंनी देवमनकडे पाहिलं. "चालली काय ते?"

होय म्हणणं सोपं होतं.

"मले मालूम नाई," तो म्हणाला. "चालत असन."

पार्बताबाईंनी पट्टी सोडलेला अंगठा हलवून पाहिला.

"तुमची चप्पल द्या," त्या म्हणाल्या. "नवस माह्या चपलीचा हाये, तुमच्या नाई. माही चप्पल घरी गेल्यावर पाहू."