भागीदारीतला मोबाईल

आमच्या धावड्याला ज्याच्या दावणीला एकच बैल असतो, तो आपल्यासारखाच दुसरा एकबैल्या गाठतो आणि सावड करतो. दोघांचे बैल एका जुवाला जुंपायचे, आज तुझं रान, उद्या माझं. माझ्या वडिलांची आणि माझ्या मित्राच्या वडिलांची अशी सावड कित्येक वर्षं चालली. त्यामुळे आम्ही दोघांनी मिळून एक मोबाईल घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यात आम्हाला काहीच वावगं वाटलं नाही.

मोबाईलवर येणारा फोन नुकताच फुकट झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलेलो, एकाच आयटीआयमधून फिटर झालेलो आणि जालना एमआयडीसीत सळयांच्या एकाच कारखान्यात ठेकेदाराकडे लागलेलो. जुन्या जालन्यात धान्याच्या एका दुकानाच्या माडीवर आमची खोली होती. ठेक्यावरचा माणूस रोज गेटवर उभा राहतो आणि ठेकेदाराचा मुकादम बोट दाखवील तेवढेच आत जातात. मी फिटर असलो तरी माणूस कमी पडला की मलाच चिमटा देऊन तापलेल्या सळईसमोर उभं करायचे. मनगटावर त्याची खूण अजून आहे. मला काहीही करून तिथून सुटायचं होतं.

आणि सुटायची वाट दिसली होती. एमआयडीसीतल्याच एका बियाण्याच्या कंपनीत बियाणं वर चढवणारं एलिव्हेटर बंद पडलं, तेव्हा ठेकेदारानं मला तिकडे धाडलं. मी ते चालू करून दिलं. प्लांटच्या साहेबांना काम आवडलं. ते म्हणाले, "दिवाळीनंतर फिटरची जागा निघणार आहे, पर्मनंट. तुमचा नंबर देऊन ठेवा, मी स्वतः फोन करीन." माझ्याकडे कसला नंबर! "आठ दिवसांत आणून देतो साहेब," असं म्हणून मी खोलीवर आलो आणि मित्राला सगळं सांगितलं. एकट्याला मोबाईल झेपणार नव्हता. तो म्हणाला, "मंग दोघं मिळून घेऊ ना. आपल्या बापांनी न्हाई का केली सावड?"

दुकान जुन्या जालन्यातच, कापडवाल्यांच्या गल्लीत होतं. नवा फोन आम्ही फक्त काचेतून पाहिला. जुने फोन दुकानदारानं टोपलीत काढून ठेवले होते, बाजारात वांगी मांडतात तसे. मला बॅटरी दमदार हवी होती. मित्राला सापाचा खेळ आणि निळ्या दिव्याची बटणं हवी होती. आम्ही तिथंच हुज्जत घालायला लागलो, तसा दुकानदार एक जाडजूड फोन उचलून म्हणाला, "भाई, ये लेव. गिऱ्या तो फरशी फूटती, ये नईं फूटता." मी बॅटरीवर खूश झालो आणि मित्राच्या समाधानासाठी दुकानदारानं फोनचं जुनं कवच काढून नवं लाल कवच चढवून दिलं. आतून म्हातारा, वरून नवरदेव! दोघांनी निम्मे निम्मे पैसे भरले आणि फोन हातात धरून खोलीपर्यंत चालत आलो. त्या दिवशी माझ्याएवढा सुखी माणूस जालन्यात नसेल. दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना नंबर देऊन आलो.

एक आठवडा फोन त्याच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे, असं ठरलं. रविवारी संध्याकाळी अदलाबदल. पण पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. माझ्या चुलत्यांचा फोन आला आणि मित्रानं भाबडेपणानं सांगितलं, "तो फोन पुढच्या हप्त्यात त्याच्याकडं येतो, तवा करा." चुलते एवढे हसले की दुसऱ्या दिवशी अख्ख्या धावड्यात झालं, पोरांनी मोबाईल बटईनं केला म्हणून. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. गावाचं एक वेळ सोडा, पण असं साहेबांनी ऐकलं तर? अर्ध्या फोनच्या माणसाला पूर्ण नोकरी कोण देणार?

युक्ती मित्रानं काढली. "असं करू. समोरचा ज्याचं नाव घील, तो आपन. मी तू, तू मी. काय निरोप असंल तो मागून सांगायचा." मला ती फारच पसंत पडली. आवाज तसेही दोघांचे धावड्याचेच, आणि त्या फोनमधून कुणाचाही आवाज डब्यातून आल्यासारखाच यायचा.

युक्तीचा पहिला फायदा त्यालाच झाला. त्याला एक स्थळ सांगून आलं होतं, भोकरदनकडचं. मुलीच्या वडिलांनी चौकशीला फोन केला तो माझ्या आठवड्यात. मित्र समोरच बसला होता, पण त्यानं तेवढ्यातच गुटख्याची पुडी तोंडात रिकामी केली होती आणि त्याला बोलता येईना. त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"पाव्हणं, सुपारी-तंबाखू काही?" पलीकडून विचारलं.

"न्हाई मामा. बिलकुल न्हाई," मी त्याचे फुगलेले गाल बघत म्हणालो.

"बरं. आन् नोकरीचं? ठेक्यावर हायेत म्हनं. पक्की कवा व्हनार?"

आता काय सांगावं? मित्रानं दोन्ही हात जोडले. बिचाऱ्याची तीन स्थळं याच प्रश्नावर मोडली होती. मी म्हणालो, "पक्कीच समजा मामा. बोलनं चालू हाये." मामा खूश झाले, लग्न जमलं. मांडवात मित्र मला मिठी मारून म्हणाला, "माझं लगीन तू लावलं." मी त्या लग्नात घरच्यासारखा राबलो, पंगतीत बुंदी वाढली, वरातीत नाचलो. फक्त मुलीच्या वडिलांनी अट घातली, की नोकरी पक्की झाली की मुलगी नांदायला पाठवू, तोवर माहेरीच राहील. माडीवरच्या आमच्या त्या एका खोलीत तो तिला आणणार तरी कसा होता?

दिवाळी झाली. मी साहेबांच्या फोनची वाट बघायला लागलो. फोन माझ्याकडे असला की कारखान्यातही तो खिशात ठेवायचो. त्या गोंगाटात वाजलेलं ऐकू यायचं नाही, म्हणून हात खिशातच ठेवायचो. फोन मित्राकडे असला की रोज विचारायचो, "साहेबाचा आल्ता का?" तो म्हणायचा, "आला तर सांगन ना यार. तुझ्यापेक्षा मलाच जास्त घाई हाये." एव्हाना बॅटरी फुगली होती. मी लोकल बॅटरी आणून टाकली, झाकण बसेना म्हणून रबर लावलं, पण फोन एक दिवसही बंद पडू दिला नाही.

मग एके दिवशी मित्र म्हणाला, "मला औरंगाबादला काम लागलं. वर्कशॉप हाये एक. तिकडंच खोली बघितली, आता बायकोला बी आनतो." मला बरं वाटलं. सामान बांधताना मी फोनचा विषय काढला. त्याचा निम्मा वाटा देऊन टाकावा, असं माझ्या मनात होतं. त्यानं माझा हात धरला. "पैशाचं बोलू नको. फोन तुझा. मी तिकडं नवा घेतो." मी रडलो, अगदी डोळे पुसावे लागतील एवढा. माणसाचं मन बघा म्हणून मी कारखान्यात चार जणांना ते सांगत फिरलो. आज त्या रडण्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

महिना-दीड महिन्यानं एका दुपारी फोन वाजला. साहेबांचा असेल म्हणून मी झडप घातली. पलीकडून आवाज आला, "जावई, मी बोलून राह्यलो." मित्राचे सासरे. त्यांच्या चिठोऱ्यावर अजून आमचा तोच जुना नंबर होता. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "बोला मामा."

"लय बरं झालं पाहा. बियाच्या कंपनीत चिकटले, पर्मनंट झाले. लग्नाच्या टायमाला तुमी शब्द दिल्ता, तो खरा केला."

मी हं हं केलं आणि फोन ठेवला. खोलीबाहेर जिन्यात येऊन बसलो. बियाण्याची कंपनी काय एकच आहे का जालन्यात, असं मनाला समजावत होतो. औरंगाबादलाही असेल एखादी. मन असं वेडं, की समोर दिसतंय तरी मित्राचीच बाजू घेत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीच्या गेटवर गेलो. साहेबांनी लांबूनच ओळखलं. "या, या. काय म्हणते शेती?"

"कोणती शेती साहेब?"

"म्हणजे काय? तुम्हीच फोनवर म्हणालात ना, वडिलांना होत नाही, गावी परत चाललो, माझ्या जागी माझ्या मित्राला घ्या. चांगला आहे हो मुलगा. हात तुमच्यासारखाच आहे."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, फोन भागीदारीतला होता ते, एकमेकांच्या नावानं बोलायचो ते, आणि तो फोन मी उचललाच नव्हता ते. साहेब ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू कडक होत होता. "हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही दिलेल्या नंबरवर, तुमचं नाव घेऊन मी बोललो. नक्की ना, म्हणून दोनदा विचारलं. आता कामावर घेतलेल्या माणसाला काय म्हणून काढू? तुम्हा दोस्तांचं आपसातलं माझ्यापर्यंत आणू नका." त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. माझ्या नावानं बोलला तो मी नव्हतो, हे सिद्ध करायला माझ्याजवळ होतं तरी काय?

गेटसमोर चहाची गाडी होती, तिथं मी थांबलो. ज्याला मी औरंगाबादला समजत होतो, तो माझ्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर रोज कामाला येत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पाळी सुटली तसा तो बाहेर आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात दोरी आणि दोरीला नवा, बारीकसा फोन. मला बघून तो थबकला, पण पळाला नाही. सरळ आला आणि शेजारच्या बाकड्यावर बसला. चहावाल्याला त्यानं दोन चहा सांगितले.

"कामून केलं?" मी विचारलं.

"तूच तर सासऱ्याला म्हनला व्हता, पक्की हाये म्हनून. ते पोरगी धाडंनात. दर हप्त्याला इचारायचे. मंग मी काय करू?"

"मला सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर दिली असती का तू जागा?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "न्हाई," म्हणालो.

"मंग?" तो म्हणाला, जणू कज्जा तिथंच मिटला.

केसानं गळा कापतात म्हणतात, तो कापला गेलेला माणूस असा बाकड्यावर बसून चहा पितो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याची गचांडी धरावी, दोन थोबाडीत द्याव्यात, असं मनात येत होतं आणि हात कपाला चिकटलेले होते. एवढा खोटा माणूस मी कधी पाहिला नव्हता आणि त्याच्याएवढं जवळचंही मला जालन्यात कुणी नव्हतं. मला राग आवरत नव्हता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. मी एवढंच विचारलं, "साहेबाचा फोन आला तवा मी कुठं व्हतो? कारखान्यात का?"

"न्हाई. खोलीवरच." तो खाली बघत होता. "रातपाळी करून आल्ता तू. चटईवर झोपला व्हता. मी फोन घेऊन जिन्यात गेल्तो."

"मला उठवावं वाटलं न्हाई?"

"वाटलं ना. साहेबानं दुसऱ्यांदा इचारलं, नक्की का, तवा मी आत डोकावून पाह्यलं." त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. गावाकडे आईवडिलांविषयी बोलायचा त्याच मायेनं तो म्हणाला, "लय गाढ झोपला व्हता रे तू. मंग मी दार हळूच ओढून घेतलं. म्हनलं, झोपू दे, थकून आलाय."