माठाजोळची डबी

...मटकी निवडू दे मले, हात कामात हायेत पन तोंड तं मोकयं हाय नं. तू लिही. कोठी होतो आपन? हं, भागीरथापाशी.

तर भागीरथा म्हंजे आपल्या मांगच्या गल्लीतली. अकोल्याच्या भायेर आमी सारे मयेवाले, कोनाचे वांगे, कोनाची मेथी, कोनाचा झेंडू. भागीरथाचा सांबार, म्हंजे कोथिंबीर. तिनं बांधेल जुडी अशी राहे का बाजारातल्या बाया दुसऱ्या पाटीकडं पाहतच नोहत्या. नवरा तरनाच गेला, लेकरू काई झालं नाई. घरात दोघीच, ती आनं तिची सासू पार्बताबाई. दिवसभर दोघीचं चालू राहे. "भागीरथे, चाय पानचट केली वं!" "तुमचं तोंडच पानचट हाय, आत्याबाई." पन एकीच्या ताटात पडल्याबिगर दुसरी घास उचले नाई.

घर टिनाचं. त्या गल्लीत अकराही घरं टिनाचेच. उन्हायात दुपारचं ते टिन असं कडकड वाजे, जसं वरतून कोनी चालून राहिलं.

दोन उन्हाये झाले त्या गोष्टीले. अमरावतीच्या एका कालेजातून दामिनी म्याडम आली. बारीकशी पोरगी, तोंडाले दुपट्टा गुंडायेल, फक्त डोये दिसत. तिनं सांगतलं का नार्वे म्हनून एक देश हाय, तिथं बर्फच बर्फ. तिथलं कालेज आनं अमरावतीचं कालेज मिळून एक काम करून राहिले. जग तापून राहिलं, त्यात गरिबाचं घर कसं निभन, आनं धूर न करता, या उन्हातूनच लाइट कशी काढता येईन, ते पाहाचं. पार्बताबाई म्हने, "बर्फावाल्याईले आपल्या गर्मीचं काय वो कौतुक? त्याईले म्हना, आमची गर्मी घेऊन जा पोतं भरून, आनं बर्फ पाठवा." सारे हासले.

दामिनी म्याडमनं एक पांढरी डबी आनली. साबनाच्या वडीएवढी, आत बारीक लाल लाइट, राहून राहून मिचके. म्हने, "मावशी, गल्लीत एकाच घरात लावते आहे. तुमचं घर जेवढं तापेल, तेवढी सगळी गल्ली तापते असं आम्ही धरणार. ज्या गल्ल्या जास्त तापतात, तिथल्या टिनाला आधी पांढरा लेप लावू, आणि उन्हावर चालणारा पंखा देऊ. लाइट गेली तरी तो फिरतो." आनं तिनं पार्बताबाईच्या बाजेच्या वर खिळा ठोकला आनं डबी टांगली. ती बाज म्हंजे घराचा सर्वात तपता कोना. पन बुढीले तिथूनच रस्ता दिसे, म्हनून ती तिथून हाले नाई.

म्याडम गेली. दुपारी भागीरथानं डबीले हात लावला तं डबी तव्यावानी. मांगच्या साली त्याच जागी ठेवेल तिचा मोबाइल फुगून फुटला होता. आता ही परदेशातली वस्तू, आपल्या भरोशावर ठेवेल, जयून गेली तं काय तोंड दाखवाचं? आपल्या लोकाईत लोकाची वस्तू आपल्याहून जास्त जपतात. मांगून आनेल भांडं आपन घासून, पुसून, चार दाने टाकून वापस करतो. भागीरथानं ती डबी काढली आनं भायेर ओसरीत माठाजोळ टांगली, ओल्या बोऱ्याच्या, म्हंजे पोत्याच्या, आड. म्याडम पंधरा दिवसाआड येई, मोबाइलनं डबीतलं सारं काढून घेई. त्या दिवशी भागीरथा डबी पुसून खिळ्यावर लावून ठेवे. लबाडी नोहती तिच्यात. म्याडमनं इतक्या हौसेनं ठोकलेला खिळा, तिले वाईट वाटू नोये म्हनून.

पार्बताबाई ओट्यावर बसून साऱ्याईले सांगे, "पाहा वो बाया माह्यी सून! डबीले गारवा आनं सासूले भट्टी! भागीरथे, मले बी टांग नं त्या माठाजोळ!" आमी पोट धरून हासो. मी बी हासली.

मे महिन्याचं शेवटलं. सात दिवसापासून शेहेचायीस-सत्तेचायीस. कुत्रे नालीत जाऊन पडत. त्या दिवशी भागीरथा सकाई बाजारात गेली, सांबार सुकून चालला होता म्हनून उरलेल्या जुड्या खपेपर्यंत बसली. घरी आली तवा तीन वाजले होते. लाइट गेलेली. बुढी बाजेवर आडवी, तोंड रस्त्याकडं. आंगाले हात लावला, कोरडं. घामाचा टिपूस नाई. "आत्याबाई?" बुढीनं डोये उघडले पन पाह्यलं भलतीकडंच. भागीरथानं कांदा ठेचला, पायाले चोयला, पन्ह्याचा गिलास तोंडाले लावला, ते ओठाच्या कोरावरून खाली गेलं. ऑटो येईपर्यंत आमी ओल्या लुगड्यात गुंडायून बसलो. दवाखान्याच्या फाटकात बुढी गेली.

तेरवी झाली. पावने गेले. पह्यल्यांदा एकटी राह्यली त्या दुपारी भागीरथा पानी प्याले माठाजोळ गेली आनं तिचा हात डबीले लागला. डबी थंडगार. बोऱ्या तर सुतकातबी कोनीतरी ओला करतच होतं. लाल लाइट मिचकली. तिले एकदम समजलं का ही डबी इथं होती आनं आत्या तिथं होती.

तवापासून तिले दुपारचे तीन वाजलेले सहन होईनात. टिन वाजाले लागलं का ती कान दाबे. मले म्हने, "बाई, बाज करकरते. मी डोयानं पाहतो, बाजेवर कोनी नाई, तरी करकरते." ती बाज उभी करून ठेवली भितीले, तरी करकरे. मंग तिनं बाज पाडली आनं सोताच तिच्यावर तीन वाजता जाऊन निजे, पदर तोंडावर घेऊन, टिनाखाली. मी हात धरून काढली तिले एकदा. आंग भाजेल. म्हने, "मले पाहाचं होतं, किती वेळ लागते."

मंग श्रावनात सभा झाली, समाजमंदिरात. नार्वेची बाई सोता आली होती, टमाट्यावानी लाल झालेली, तरी साऱ्याईले हात जोडे. पांढऱ्या पडद्यावर आपली वस्ती दाखवली. तपत्या गल्ल्या लाल. भागीरथाची गल्ली हिरवीगार. दामिनी म्याडम म्हने, "सर्वात तापलेल्या दिवशी, दुपारी तीन वाजता, बाहेर सत्तेचाळीस होतं आणि या गल्लीत फक्त बत्तीस." तो दिवस कोनता, ते आमाले सांगा लागलं नाई. कोनीतरी मांगून म्हनलं, "पन त्या दिवशी तं पार्बताबाई..." म्याडम हयूच म्हने, "हो, कळलं मला. वाईट झालं. पण घर थंड होतं, म्हणजे ते उन्हामुळे नव्हतं. वय होतं त्यांचं." आनं ऊन लागून गेलेल्याईच्या यादीत पार्बताबाईचं नाव नोहतं.

गोरी बाई काई बोलली, म्याडमनं सांगतलं, "त्या विचारतात, या गल्लीतल्या बाया घर एवढं थंड ठेवायला काय करतात? आम्हाला दुसऱ्या गावांत शिकवायचं आहे."

सारे तोंड भागीरथाकडं. तिचे ओठ हालले. मले वाटलं, सांगते आता. तिनं म्हनलं, "काई नाई. सकाई आंगनात सडा टाकतो."

गोऱ्या बाईनं ते लिहून घेतलं.

त्या दिवसापासून आत्या बोलाले लागली, असं ती म्हने. टिन वाजे आनं त्यातून आवाज, "भागीरथे, मी ऊनानं मेली नाई व? मंग कशानं मेली?" रोज, तीन वाजता. पावसातबी. थंडीत टिन वाजत नाई तरी तिले ऐकू ये. माह्याजोळ आली एक दिवस. "बाई, हिरव्या गल्लीले पांढरा लेप नाई, पंखा नाई. अकरा घरं हायेत. दोघी बाया पोटुशा, चार बुढे. पुढच्या उन्हायात याईच्यातलं कोनी गेलं तं ते बी मीच मारलं नं? पन सांगतलं तं लोक म्हनतीन, सुनेनं सासू भाजून मारली." मी म्हनली, गप राय. बुढी गेली, वापस येत नाई. तूच कावून जयतं? हे मी म्हनली. लिही, खोडू नोको.

ती गप राह्यली माघापर्यंत. मंग आयकलं का अमरावतीले सभा हाय, कोन्त्या गल्ल्याईले आधी द्याचं ते पक्कं होनार. त्या दिवशी सकाई तिनं सांबार तोडलाच नाई. धुतलेलं लुगडं नेसली आनं माह्या दारात उभी. "चाल बाई. एकटीनं माह्यी जीभ उचलन नाई." मूर्तिजापूर, बडनेरा, सारा रस्ता बसच्या दांडीले धरून बसली.

कालेजात मोठ्ठं टेबल, दहा-बारा लोक, गोरी बाई बी. बसा म्हनलं तं ती बसली नाई. उभ्यानंच सांगतलं सारं. माठ, बोऱ्या, खिळा, पुसून ठेवनं. ओट्यावरचा हासा बी सांगतला. "सडा टाकतो म्हनून खोटं बोलली मी. माह्या घरात भट्टी होती. आत्या तिच्यात गेली. अकरा घरं लाल करा."

दामिनी म्याडमचं तोंड पांढरं पडलं. तिनं कंपूटर उघडला. भागीरथाच्या डबीची एक रेघ होती, सपाट, पाटीवानी. म्याडम म्हने, "इथं पाच ठिकाणी रेघ एकदम वर गेली होती. एक-एक तास. आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. ते कापून टाकलं आम्ही." तिनं ते कापेल वापस आनलं. पाच सुया उभ्या झाल्या रेघीवर.

भागीरथा म्हने, "तुमी ज्या दिवशी याच्या, ते दिवस हायेत हे. तेवढा वेळ मी डबी खिळ्यावर लावो."

गोऱ्या बाईनं सर्वात उंच सुईवर बोट ठेवलं. भायेर चव्वेचायीस, घरात अठ्ठेचायीस. बुढी गेली त्याच्या आठ दिवस आधीचं. गोऱ्या बाईनं म्याडमले काई इचारलं, म्याडमनं आमाले, "त्यांचं पूर्ण नाव काय होतं?" मी सांगतलं. त्याईनं यादीत लिहिलं.

मंग भागीरथानं इचारलं, "आनं आत्या गेली त्या दिवसाचा आकडा?"

"तो नाही, मावशी. त्या दिवशी डबी माठाजवळ होती."

"कोनाजोळच नाई?"

"कोणाजवळच नाही."

चैतात अकराही टिनाईले पांढरा लेप बसला. पंखे फिरतात, लाइट गेली तरी फिरतात. पोटुशी होती त्यातल्या एकीचं बारसं झालं, भागीरथाले बोलावलं नाई. पंखा तिच्यापायी आला, पन ओट्यावर ती आली का बाया उठून जातात. एक पोट्टी तिच्या तोंडावर म्हने, "डबीले गारवा, सासूले भट्टी." ज्या बोलावर आमी हासलो, तोच आता तिच्या आंगावर फेकतात. ती उलटून बोलत नाई. पन तिले आता दुसरंच भेव. लेप लावल्यापासून टिन वाजत नाई. तीन वाजतात आनं घर मुकं. मले म्हने, "वाजे तवा आत्या बोले तरी. आता बोलतबी नाई. मी पंख्याखाली बसतो आनं वाट पाहतो."

परवा म्याडम येऊन गेली. या साली डब्या धारनीकडं चालल्या, मेयघाटातल्या घराईत. तवापासून भागीरथा माह्या मांगं लागली, हे कोनाकडून तरी लिहून घे म्हने. तिथल्या बाया बी आपल्यासारख्याच, लोकाची वस्तू जपनाऱ्या. आनं म्याडम त्याईले सारं समजावून सांगन, पन बाया म्याडमसमोर मान डोलावतात आनं मंग आपल्याच मनानं करतात, हे मले ठाऊक हाय.

म्हनून हे वाचनाऱ्याईनो, तुमच्यातलं कोनी धारनीच्या जीपीत बसलं, तं तिथल्या बायाईले एवढं सांगजा. पांढरी डबी आली तं तिची दया नोका करू. घरातलं सर्वात बुढं मानूस जिथं निजते, तिथंच तिले टांगा, आनं जयली तं जयू द्या. अकोल्याच्या भागीरथानं सांगतलं म्हना.