अडतिसावी आणि एकशे बारावी

सदर इसमाचे नाव ऑरिन हॉगन. वय वर्षे अडुसष्ट. राहणार मोंटाना राज्य, गावाबाहेरच्या खडीच्या रस्त्यावरील तिसरे घर. काउंटीच्या रस्तेखात्यात चौतीस वर्षे ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारे यंत्र, चालवून निवृत्त. शिकार-सुरक्षेचा मान्यताप्राप्त शिक्षक, सेवा एकतीस वर्षे, विनामोबदला. विद्यमान शेरीफ, दोन पाद्री व गावातील एकमेव दंतवैद्य हे सदर इसमाचे विद्यार्थी होत. स्वतःच्या तळघरात रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसे तयार करण्याचा अनुभव चव्वेचाळीस वर्षे. अपघात: निरंक.

शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता हा निरंक इसम तळघरातल्या बाकापाशी वही उघडून बसला होता, आणि त्याच्या कॉफीवर साय धरली होती.

वहीत गुरुवारची नोंद होती. मार्नीसाठी, म्हणजे त्याच्या मुलीसाठी, एल्क या थोरल्या हरणाच्या शिकारीची पन्नास काडतुसं. पुंगळ्यांची लांबी, त्यांच्या बुडाशी बसणाऱ्या ठिणगीच्या टोप्यांचा लॉट, तळघराचं तापमान, हवेचा दाब. हवेचा दाब कशाला, असं त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर तो सांगायला बसे. आणि खाली, त्याच्याच नीटस अक्षरात एक ओळ: ‘विसाव्याला वजन हलकं आलं. मापाचा स्क्रू अर्धा फेरा.’

पुंगळीत बारूद मोजून सोडणाऱ्या मापाचा स्क्रू सैल झाला असेल, असं काल वाटलं होतं. आज ते वाटेना. चव्वेचाळीस वर्षांत तो स्क्रू कधी सैल झाला नव्हता. त्याच्या बायकोच्या, लव्हॉनच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरात सैल असं काही नव्हतंच.

बाकासमोरच्या भिंतीवर तक्ता होता. बाजारात मिळणाऱ्या रायफलच्या बारुदी, सगळ्यांत भरकन जळणारी पहिली, सगळ्यांत रेंगाळणारी शेवटची. दर वर्गात ऑरिन त्या तक्त्यापुढे उभा राहून सांगे की हा नुसता क्रम आहे, अंतर नव्हे. चाळिसावी आणि एकेचाळिसावी यांच्यात केसाएवढा फरक असेल नाहीतर नदीएवढा, तक्ता ते सांगत नाही. बुधवारी त्यानं कोल्ह्यासारख्या कोयोटच्या शिकारीच्या हलक्या रायफलसाठी जी बारूद वापरली, ती अडतिसावी. गुरुवारी एल्कसाठी जी वापरली, ती एकशे बारावी. दोन्हींचे दाणे म्हणजे करड्या, बारीक काड्या. एकेकटी पाहिली तर ओळखू येत नाही. शेजारी शेजारी ठेवली तर चपळ बारुदीची काडी किंचित आखूड दिसते, आणि आखूड काडी मापात जास्त दाटीनं बसते.

म्हणजे त्याच मापात लांब काडी आली की वजन हलकं भरतं.

त्यानं वही मिटली, पुन्हा उघडली. ओळ होती तशीच होती.

बुधवारी काय झालं होतं? काम आटोपत आलं होतं. मापाच्या नळकांड्यात थोडी चपळ बारूद उरलेली. नळकांड्यावर चिकटपट्टी, पट्टीवर बारुदीचं नाव, हा नियम. काम संपलं की उरलेली बारूद तिच्याच डब्यात परत, मग पट्टी काढायची, मग पुढचं, हाही नियम. दोन्ही त्यानंच केलेले, दोन्ही भिंतीवर लावलेले. नेमका तेव्हा नवा पाद्री सुरक्षेचं प्रमाणपत्र घ्यायला आला. ऑरिन वर गेला, सही केली, हात मिळवला, सुरक्षितता ही सवय असते, ज्ञान नव्हे, असं नेहमीचं वाक्य बोलला आणि खाली येऊन पट्टी काढली. डबा उघडल्याचं आठवत नव्हतं.

चपळ बारुदीचा डबा त्यानं काट्यावर ठेवला. दर वापरानंतर असायला हवं ते वजन झाकणावर लिहून ठेवायची त्याची पद्धत होती. गावात तिची थट्टा होई. डबा मूठभर हलका भरला.

तेवढी मूठ नळकांड्याच्या तळाशी राहिली असेल, तर गुरुवारी संथ बारूद तिच्यावर पडली. माप खालून सुटतं. म्हणजे पहिल्या काही काडतुसांत चपळ बारूद, तीही संथ बारुदीच्या वजनाची. त्यातलं एक जरी नळीत गेलं तरी रायफलची नळी, ती मागून बंद करणारा बोल्ट आणि बोल्टमागचा गाल, कशाचीच शाश्वती नाही. मार्नीचा गाल. पन्नासच्या पन्नास तिनं सकाळी सहाला नेली होती. उद्या हंगाम सुरू. आज दुपारी चारला ती कॅम्पवर नेम तपासायची, दरवर्षी चारलाच. तेही त्यानंच लावलेलं वळण.

नंतर त्यानं जे केलं ते तो वर्गात कोणाला करू देत नसे. अंगणात फावडं पालथं ठेवून त्यावर दोन्ही बारुदींच्या बोटभर रेघा ओढल्या आणि आगकाडी लावली. दोन्ही जवळपास सारख्याच फुरफुरल्या. त्या तशाच फुरफुरणार हे त्याला ठाऊक होतं. उघड्यावर बारूद खरं सांगत नाही. ती काय आहे ते कोंडल्यावर कळतं. तरी त्यानं पुन्हा रेघा ओढल्या.

मग, दीड वाजून गेल्यावर, त्यानं ड्युई प्रुइटला फोन केला. ड्युई पलीकडच्या गावचा, तोही पुंगळ्या भरणारा, आणि वीस वर्षं ऑरिनच्या मताविरुद्ध मत बाळगून असलेला.

“वर्गात एकानं विचारलं,” ऑरिन म्हणाला, “मापात जुनी बारूद राहिली आणि वरून नवी ओतली, तर किती काडतुसांपर्यंत मिसळते?”

“वर्ग ऑगस्टमध्ये संपला की रे, प्रोफेसर.”

“आता विचारलं त्यानं. फोनवर.”

“बरं. जुनी कुठली, नवी कुठली?”

ऑरिननं सांगितलं. पलीकडे ड्युईचं तंबाखू चघळणं थांबलं.

“रायफल कोणाची आहे ऑरिन?”

ऑरिन फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला.

“तू फोनवर काय करतोयस मग, गाढवा? गाडी काढ!”

लव्हॉननं जिन्यावरून सगळं ऐकलं होतं. “शेरीफला सांग, रेडिओवर कळवतील.”

“शेरीफला मी शिकवलंय.”

“मग बरंच झालं, तुझं बोलणं त्याला चटकन कळेल,” ती म्हणाली आणि तिनंच फोन उचलला. शेरीफचा डेप्युटी काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, एका उलटलेल्या गुरांच्या ट्रकपाशी होता. साडेपाचपर्यंत पोचेन म्हणाला. कॅम्पवर मोबाइल लागत नाही, आणि लागला असता तरी मार्नी तो गाडीतच ठेवते. लव्हॉननं रिसीव्हर ठेवला आणि नवऱ्याच्या हातात किल्ली दिली. “जेवण राहू दे. जा.”

कॉटनवुड क्रीकचा कॅम्प अठ्ठावन्न मैल. त्यातले चाळीस खडीचे. त्या रस्त्याचा प्रत्येक चढ ऑरिननं ग्रेडरनं स्वतः सपाट केलेला, आणि आता त्याच्या जागी आलेल्यानं त्यावर काय दिवे लावलेत ते प्रत्येक हादऱ्याला कळत होतं. एरवी तो मोठ्यानं शिव्या देत गेला असता. आज त्याचं लक्ष घड्याळाकडे आणि आकड्यांकडे. मूठभर म्हणजे किती काडतुसं? दहा? बारा? मार्नी डबा उघडून कोपऱ्यातलं पहिलं काडतूस उचलणार. तो भरायला कुठल्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो? डावीकडून. नेहमी. ती कुठून उचलते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. बाकी सगळं विचारलं होतं.

मध्ये मेंढ्यांचा कळप आडवा आला. राखणदारानं निवांत हात हलवला, ऑरिननंही हलवला. तिथे हात न हलवणं म्हणजे भांडण. अकरा मिनिटं गेली.

शेवटच्या वळणाला चारला तीन मिनिटं कमी होती. त्यानं काच खाली केली आणि डोंगराच्या अंगानं बार ऐकू आला. एकच, कोरडा. त्याचा पाय ब्रेकवर गेला आणि गाडी खडीवर आडवी घसरून थांबली. काही ऐकू येईना. तो मोजू लागला. नेम धरून बोल्ट मागेपुढे करायला तिला किती वेळ लागतो हे त्याला पाठ होतं, आणि तो वेळ उलटून गेला. मग आणखी तेवढाच गेला.

दुसरा बार झाला.

ऑरिननं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. मग तिसरा होऊ नये म्हणून हॉर्न दाबला आणि कॅम्पात पोचेपर्यंत तो सोडला नाही.

मार्नी गाडीच्या मागच्या फळीजवळ उभी होती. एक्केचाळीस वर्षांची, लग्न झालेली, शाळेत गणित शिकवणारी. दोन्ही गाल जागेवर.

“डॅड! आईला काही झालं का?”

“बोल्ट उघड. उघड आधी! किती वाजवलीस? डबा कुठाय?”

“कुठला डबा?”

“माझा! कालचा!”

तिनं रायफल मोकळी करून बाजूला ठेवली. नेम तपासायला मांडलेल्या बाकावर दुकानातल्या काडतुसांचा रंगीत खोका उघडा पडला होता. ऑरिन त्याच्याकडे बघत राहिला.

“तुझा सीटखाली आहे,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “सगळे आहेत. आठ वर्षांचे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी तुझी वापरत नाही, डॅड. चांगली असतात, मला माहितेय. पण एक बार केला की तुझा कागद भरायचा. गोळीचा वेग किती, भोकांचा गट किती इंचांचा, वारा कुठला, पुंगळी सहज निघाली की अडकली. मला एल्क मारायचा असतो, परीक्षा द्यायची नसते.”

“पण तू कागद दिलेस. दरवर्षी.”

“दिले.”

“वेग लिहिलेस.”

“पटतील असे लिहिले.” ती त्याच्याकडे बघत नव्हती. “गणित येतं मला.”

ऑरिनच्या भिंतीवरच्या तक्त्यात पेन्सिलीच्या दुरुस्त्या होत्या. छापील क्रमात एकशे दहावी असलेली बारूद त्यानं प्रत्यक्ष अनुभवावरून दोन पायऱ्या खाली आणली होती. काउंटीतले निम्मे लोक तो दुरुस्त तक्ता उतरवून नेत. प्रत्यक्ष अनुभव मार्नीचा होता.

तो फळीवर बसला. त्यानं तिला सगळं सांगितलं: स्क्रू, पाद्री, डब्याचं वजन. वर्गात बोलतो तसं क्रमानं सांगायला सुरुवात केली, पण मधेच क्रम सुटला. ती ऐकत राहिली. तिचा रंग हळूहळू उतरला आणि ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

“तू फोन केला नाहीस कुणाला?”

“ड्युईला केला. वर्गात कोणीतरी विचारलं म्हणून.”

मार्नीला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिनं डोळे बाहीला पुसले, सीटखाली हात घातला आणि वरचा डबा काढला. झाकणावर त्याच्या अक्षरात तिचं नाव, तारीख, लॉट, हवेचा दाब.

ऑरिननं येताना काडतूस उघडायचा हातोडा आणि दोन्ही बारुदींचे नमुने आणले होते. हातोड्यात काडतूस अडकवून ओंडक्यावर आपटलं की गोळी सुटते आणि बारूद आत सांडते. तो आपटत गेला, ती पांढऱ्या कागदावर एकेक ढीग करून शेजारी नमुन्याच्या काड्या ठेवत गेली. एकदा तिनं “डावीकडून?” असं विचारलं, तो “हो” म्हणाला.

पन्नासावं उघडलं तेव्हा सहा वाजत आले होते. डेप्युटी येऊन कॉफी पीत उभा होता आणि त्याला काही विचारायचा धीर होत नव्हता.

अकरा काडतुसांत चपळ बारूद निघाली. बाराव्यात दोन्ही होत्या.