आठचा बर्फ

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडत होते. मार्चचा पहिला आठवडा, आणि बाहेर बेसिंगस्टोकचं नेहमीचं ओल्या फडक्यासारखं आकाश. "मीनल, काका गेले गं," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, मी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या, "सकाळची नोंद करून गेले." डॉक्टरकाकांनी रोजच्यासारखं नऊ वाजता बागेत जाऊन पावसाचं भांडं बघितलं, तापमान बघितलं, वहीत लिहिलं, आत येऊन चहा मागितला. काकू कप घेऊन आल्या तेव्हा ते खुर्चीत मान कलंडून बसलेले होते. पावसाचा त्या दिवशीचा आकडा दोन पूर्णांक चार मिलिमीटर. तोही काकूंनी मला फोनवरच सांगितला. आता सहा आठवडे झाले. त्यांचं जाणं अजून नीट आत उतरलेलं नाही, पण तो आकडा मला पाठ आहे…

डॉक्टर रेगे माझे नात्याचे कोणी नव्हेत. ते लीड्सच्या हॉस्पिटलात तीस वर्षं भूल देणारे डॉक्टर होते, आणि मी नागपूरहून नवऱ्यामागून इथे आलेली बाई. नोकरी मंदारची, व्हिसा मंदारचा, मी त्या व्हिशाच्या खालच्या ओळीत. पहिली दोन वर्षं मी अर्ज पाठवत होते आणि लोक मला नम्रपणे नाही म्हणत होते. दिवसभर फ्लॅटच्या खिडकीत बसायचं आणि आकाश बघायचं. नागपूरला आकाशाकडे बघायची वेळ येत नाही, मान वर केली की डोळे दिपतात. इथे मात्र ते सारखं काहीतरी करत असतं, आणि कुणाला सांगायला जावं तर मंदार रात्री दमून आलेला. अशात इंटरनेटवर मला एक फोरम सापडला, हवामानाच्या वेड्यांचा. केंटची एक निवृत्त शिक्षिका, नॉरफोकचा एक पोस्टमन, असे लोक रोज सकाळी आपापल्या अंगणातलं तापमान, पाऊस, ढग लिहायचे, आणि एकमेकांना त्याबद्दल मनापासून शाबासकी द्यायचे. मी नुसती वाचत असे. त्यांच्यात 'नाइन जीएमटी' या नावाने लिहिणारे एक गृहस्थ होते. मला वाटायचं, मिशा वाढवलेला कुणीतरी रिटायर्ड कर्नल असणार.

एका हिवाळी सकाळी या कर्नलने लिहिलं की आज लीड्सला जे पडलं त्याला धड स्नोही म्हणता येत नाही आणि गाराही म्हणता येत नाही, माझी पत्नी त्याला साबुदाणा म्हणते. मी खुर्चीतून उठलेच. खासगी निरोप धाडला, "काका, भिजवलेला की कोरडा?" दोन मिनिटांत उत्तर आलं, "कोरडा. भिजवलेला मार्चमध्ये पडतो. तुम्ही कुठल्या?" अशी आमची ओळख झाली. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला आठवडाही लागला नाही. मग दर रविवारी फोन. मी आपली सुरू व्हायची की काका, आज धुकं इतकं सुंदर होतं म्हणून सांगू… की ते मध्येच थांबवायचे. आधी आकडा सांग, सुंदर नंतर. मला राग यायचा, आणि मी तो लपवत नसे. तेव्हा एकदा त्यांनी सांगितलं, भूल दिलेला माणूस काही बोलत नाही. नाडी किती, प्रेशर किती, दर पाच मिनिटांनी आपणच त्याला विचारायचं आणि लिहायचं. आकाशाचंही तसंच. ते झोपलेलं असतं, त्याला हळूच विचारायचं, पण रोज आणि ठरलेल्या वेळी. यानंतर कितीतरी दिवस मला खिडकीतलं आकाश शांत श्वास घेत पडलेलं दिसायचं.

मग २००८चा एप्रिल आला. डॅफोडिल्स फुलून गेलेले, चेरीला मोहोर, आणि एका शनिवारी फोरमवर सगळे कुजबुजायला लागले की उत्तरेचा वारा येतोय, उद्या दक्षिणेला बर्फ. काकांनी मला फोनवर सांगितलं, बर्फ गवतावर मोजू नये, सपाट फळीवर मोजावा. फळी कुठून आणू? मी आपला पोळपाट खाली सोसायटीच्या हिरवळीवर नेऊन ठेवला. मंदारने तेव्हाच विचारलं की उद्या पोळ्या कशावर.

सकाळी जाग आली ती शांततेने. आमच्या फ्लॅटमधून मोटरवेची घरघर कायम ऐकू येते, तीच नव्हती. पडदा सारला तर सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात चेरीचा गुलाबी मोहोर तसाच, आणि वरून मोठे मोठे पापुद्रे इतके सावकाश उतरत होते की आपणच वर चाललोय असं वाटावं. मी मंदारच्या बुटांत पाय घालून खाली गेले. कुणी उठलेलं नव्हतं. पोळपाटावर पोळपाटाएवढाच गोल बर्फ उभा होता, जराही कललेला नाही. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजलेले बघून निघाले होते. शाळेची पट्टी खोचली, नऊ सेंटिमीटर. पुन्हा खोचली, नऊ. वर येऊन थंडीने वाकड्या झालेल्या बोटांनी फोरमवर लिहिलं, बेसिंगस्टोक, नऊ सेंटिमीटर. ती माझी तिथली पहिली नोंद. आणि मग खिडकीशी बसून राहिले. दहापर्यंत सूर्याने डोकं बाहेर काढलं होतं, पोळपाटावरचा बर्फ खचायला लागला होता, आणि बारा वाजता हिरवळ अशी हिरवीगार की सकाळ मी स्वप्नात बघितली की काय असं वाटावं.

दुपारी काकांचा फोन. लीड्सला बर्फाने हूल दिली होती, त्यामुळे ते दुसऱ्यांच्या आकड्यांना भुकेलेले. पोळपाट लाकडी की संगमरवरी, हे आधी विचारलं. मग म्हणाले, "मोजलंस किती वाजता? नऊला की दहाला?" मला प्रश्नातली खोच कळली नाही, पण तोंडी परीक्षेत मास्तरांच्या आवाजावरून उत्तर ओळखायची आपली जुनी सवय. दहा बरोबर असावं असं वाटलं आणि मी म्हटलं, दहाला. ते नुसतं "बरं" म्हणाले. संध्याकाळी मी फोरमचे नियम पहिल्यांदा वाचले. नोंद नऊची, पण ते ग्रिनिचचे नऊ. मार्चअखेर सरकार सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे करतं, हवामानवाले करत नाहीत. म्हणजे एप्रिलमध्ये नोंद घड्याळाच्या दहाला करायची. मी मोजला होता तो आठचा बर्फ. खऱ्या वेळेला तो नऊ सेंटिमीटर उरलेलाच नव्हता.

तेव्हाच फोन करायला हवा होता. पण त्या संध्याकाळी काकांनी सगळ्यांच्या नोंदींचा तक्ता लावला. प्रत्येक बर्फानंतर ते लावायचे. त्यात सगळ्यात वर माझं नाव, बेसिंगस्टोक, नऊ, आणि पुढे एक छोटी चांदणी. केंटच्या बाईंनी अभिनंदन केलं, पोस्टमनने पोळपाटाची चौकशी केली. या देशात आल्यापासून मी केलेल्या कशासाठी तरी माझं नाव लिहिलं गेलेलं ते पहिलं ठिकाण होतं. चांदणी पहिल्या नंबराची आहे असं मी मंदारला सांगितलंसुद्धा. मी गप्प बसले. मला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि दोन्ही खरं होतं.

पुढे मला नोकरी लागली, सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायची. दिवाळीला लीड्सहून खोका आला. आत साधं, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ आणि कार्ड, 'सेल नवा घातला आहे. लगेच टांगणे.' मी लगेच टांगलं. डिसेंबरात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तीच पहिली भेट आणि तीच शेवटची. कर्नल वगैरे काही नाही, एक किडकिडीत, कानटोपीतला कोकणी माणूस. स्वयंपाकघरात शेजारी शेजारी दोन घड्याळं, दोन्हीत एकच वेळ. मी हसले तर काकू म्हणाल्या, एक माझं, एक यांचं, आत्ता दोघांचं पटतंय, मार्च संपला की बघ. मला मिळालेलं घड्याळ कशासाठी ते तेव्हा उमगलं आणि माझे कान तापले. काका माझ्याकडेच बघत होते.

"काही सांगायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही… चहा छान झालाय."

"बरं. मार्चमध्ये बोलू," ते म्हणाले, आणि मला त्यांची वही दाखवायला बागेत घेऊन गेले. गाडीत बसताना मी ठरवलं, मार्चमध्ये नक्की. त्यानंतरच्या रविवारी ओठांवर आलं होतं, पण लीड्सला साबुदाणा पडला होता आणि ते इतके खुशीत होते… मग तेही राहिलं.

मार्चचा शेवटचा रविवार. काकांना जाऊन तीन आठवडे झाले होते. मी चहा टाकत होते आणि मंदार खुर्चीवर चढून घड्याळं पुढे करत होता. काकांचं घड्याळ त्याने उतरवलं तसं मी ओरडले, त्याला नको. तो म्हणाला, याच्या मागे काहीतरी चिकटवलंय. काकांची चिठ्ठी होती, डॉक्टरांच्या मानाने फारच सुवाच्य अक्षरात.

'मीनल, हे वाचते आहेस म्हणजे घड्याळं बदलायचा रविवार आला. तुझी बर्फाची नोंद फोरमवर ९.१४ला पडली आहे, वेळ खाली छापलेली असते. दहाचा बर्फ सव्वानऊला मोजता येत नाही. चांदणी त्याची होती. माझ्या वहीत "आठचा, ९ सें.मी." असं लिहिलं आहे. आठचा बर्फही खराच असतो, फक्त तो आठचा असतो. आता घड्याळ होतं तिथे टांग आणि मला फोन कर. रागावणार नाही. वाट बघतो आहे.'

मी ओट्याशीच खाली बसले. वर्षभर हा माणूस सगळं जाणून होता आणि माझ्याशी रविवारच्या रविवार हसत बोलत होता. मी स्वतःहून सांगावं म्हणून डिसेंबरात दार उघडून दिलं होतं, आणि नाहीच जमलं तर हा रविवार ठरवून ठेवला होता. फक्त तीन आठवडे कमी पडले. मला त्यांचा राग आला, खरंच आला, की तुम्हीच सांगितलंत ना हो, नोंद ठरलेल्या वेळी व्हायला हवी… चहा उतू गेला. मंदारने गॅस बंद केला आणि घड्याळ होतं तिथे टांगलं.

मी फोरमवर लिहिलं की गेल्या एप्रिलचा माझा आकडा ग्रिनिचच्या आठचा होता आणि मी नऊचा म्हणून सांगितला होता. मग लीड्सला फोन लावला. काकूंना सगळं सांगितलं, रडतच. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"मला म्हणाले होते," त्या शेवटी म्हणाल्या, "की त्या रविवारी सकाळी तिचा फोन येईल. तू उचलू नकोस, मी उचलणार."

त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मला ऐकू येत होतं, की माझंच होतं कुणास ठाऊक. मग काकू म्हणाल्या, "मीनल, यांच्या घड्याळात नऊ वाजायला आलेत. मी भांडं बघून येते. तूही बघ जा."

मी खाली गेले. चेरीला नुकत्या कळ्या येत होत्या, आकाश निळं, वारा नाही. पोळपाट हिरवळीवर होताच, हल्ली तो तिथेच असतो, पोळ्यांसाठी आम्ही दुसरा आणलाय. हात फिरवून बघितलं. कोरडा. वर आले. मंदारच्या मनगटावर दहा वाजले होते आणि भिंतीवर काकांचे नऊ. वही उघडून मी लिहिलं, नऊ वाजता, शून्य.